पायपर अल्फाचा अर्धा धडा

औद्योगिक सुरक्षेच्या कुठल्याही प्रशिक्षणवर्गात पायपर अल्फाचे, म्हणजे उत्तर समुद्रात १९८८ मध्ये जळालेल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मचे, नाव निघाले की पुढची गोष्ट ठरलेली असते. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढलेला होता, त्याच्या परमिटची, म्हणजे त्या कामाच्या लेखी परवानगीची, खबर रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही, रात्रपाळीने तो पंप सुरू केला, स्फोट झाला आणि १६७ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणून परमिट नीट भरा आणि पाळी बदलताना एकमेकांशी बोला. आगीच्या धोक्याचे गणित मांडणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे रायगड, ठाणे आणि गुजरातच्या किनारपट्टीवरील कारखान्यांत माझे सतत जाणे होते, आणि तिथल्या फिटरपासून व्यवस्थापकापर्यंत बहुतेकांना ही गोष्ट पाठ असल्याचे मी पाहतो. त्यांना मी एक प्रश्न हमखास विचारतो. पहिल्या स्फोटात जळालेला माल अंदाजे ३० ते ८० किलोच होता. मग त्यानंतर तासन्‌तास तिथे जळत काय होते? या प्रश्नाचे उत्तर फार थोड्या जणांकडे असते.

गोष्ट चुकीची सांगितली जाते असे नव्हे. ती अर्ध्यावर थांबते, आणि जिथे थांबते तिथूनच अग्निसुरक्षेच्या अभियांत्रिकीचा खरा विषय सुरू होतो. परमिटचा धडा जगभर पोहोचला, कारण तो सांगायला सोपा आणि अंमलात आणायला स्वस्त आहे. दुसरा धडा पाइपांच्या मांडणीचा, व्हॉल्व्हच्या जागेचा आणि त्यापलीकडे साठलेल्या गॅसचा होता. तो खर्चिक होता, आणि म्हणून तो हळूहळू गळून गेला. तो गळून गेल्याची किंमत आपण मुंबईपासून १६० किलोमीटरवर, मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, २७ जुलै २००५ रोजी मोजली, असे माझे मत आहे.

आधी उत्तर समुद्रातली ती रात्र नीट पाहू. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहराच्या ईशान्येस सुमारे १९० किलोमीटरवर ऑक्सिडेंटल कंपनीचा पायपर अल्फा हा प्लॅटफॉर्म १९७६ पासून तेल काढत होता. मूळ रचना केवळ तेलासाठी होती आणि तीत सर्वांत धोकादायक भाग माणसांच्या राहण्याच्या जागेपासून सर्वांत दूर ठेवण्याचे पथ्य पाळलेले होते. पुढे तेलाबरोबर येणारा गॅस वाया न घालवता तो गोळा करून पाठवायचे ठरले आणि गॅस दाबणारी यंत्रे नंतर बसवावी लागली. जागा मर्यादित असल्यामुळे ती नियंत्रण कक्षाच्या शेजारच्या भागात आली. मधल्या भिंती आग अडवण्यासाठी होत्या. स्फोटाचा दाब झेलण्यासाठी त्या बनवलेल्याच नव्हत्या. आराखडा बदलला की जुन्या भिंतीचे कामही बदलते, हे कागदावर कुणी मांडून पाहिले नाही. जुन्या कारखान्यात नवे युनिट बसवताना आजही नेमके हेच तपासायचे राहून जाते, असा माझा अनुभव आहे.

६ जुलै १९८८ रोजी कंडेन्सेट, म्हणजे गॅसपासून वेगळे होणारे हलके द्रवरूप इंधन, पुढे ढकलणाऱ्या दोन पंपांपैकी ‘अ’ पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून त्या जागी ब्लाइंड फ्लँज, म्हणजे पाइपाचे तोंड बंद करणारी चकती, लावलेला होता, पण तो दाब सहन करील इतका घट्ट आवळलेला नव्हता. त्याच पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचे परमिट वेगळे होते आणि ते काम अजून सुरूही झालेले नव्हते. रात्री पावणेदहाच्या सुमारास ‘ब’ पंप बंद पडला आणि काही केल्या सुरू होईना. दोन्हींपैकी एकही पंप चालला नसता तर गॅस थांबला असता, आणि गॅस थांबला असता तर प्लॅटफॉर्मची वीजही गेली असती. रात्रपाळीला मोठ्या दुरुस्तीचे परमिट माहीत होते आणि ते काम सुरू झालेले नसल्यामुळे पंप वापरता येईल, हा त्यांचा निष्कर्ष त्यांच्यापुरता बरोबर होता. व्हॉल्व्हच्या परमिटची माहिती मात्र त्यांना नव्हती, आणि व्हॉल्व्हची जागा पंपाच्या बरीच वर असल्यामुळे तो काढलेला आहे हे पंपाजवळ उभ्या असलेल्या माणसाला दिसण्यासारखे नव्हते. दहाच्या सुमारास स्फोट झाला. येथवरची गोष्ट सर्वांना ठाऊक असते.

त्या स्फोटाने शेजारच्या दोन्ही भिंती उद्ध्वस्त केल्या. एका भिंतीच्या उडालेल्या तुकड्यांनी तेल वेगळे करण्याच्या विभागातला पाइप फुटला आणि तिथे तेलाची आग लागली. दुसऱ्या बाजूला नियंत्रण कक्ष निकामी झाला. आग विझवण्यासाठी समुद्राचे पाणी खेचणारे पंप आपोआप सुरू व्हायला हवे होते, पण पाणबुडे कामावर असताना ते पाण्याबरोबर आत ओढले जाऊ नयेत म्हणून पंप हाताने सुरू करण्याच्या स्थितीत ठेवण्याची तिथे प्रथा होती. पाणबुडे पंपाच्या तोंडाजवळ काम करत असतील तेवढ्यापुरतेच असे करावे, अशी शिफारस कंपनीच्या स्वतःच्या तपासणीत कित्येक वर्षे आधी झालेली होती. पायपरवर ती अंमलात आलीच नाही. धुरातून आणि ज्वाळांमधून पंपांपर्यंत जाण्याचा प्रयत्न झाला, पण कुणी पोहोचू शकले नाही. प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या यंत्रणेतून पाण्याचा एक थेंबही आगीवर पडला नाही, आणि पंप सुरू झाले असते तरी फवाऱ्यांची कित्येक तोंडे गंजाने बुजलेली होती.

इतके होऊनही, केवळ या आगीने प्लॅटफॉर्म कोसळला असता असे तज्ज्ञांना वाटत नाही. निर्णायक घटना दहा वाजून वीस मिनिटांनी घडली. टार्टन या शेजारच्या प्लॅटफॉर्मवरून येणारी गॅसची १८ इंची लाइन समुद्रतळावरून येऊन ज्या उभ्या पाइपाने वर चढत होती, तो पाइप, ज्याला आम्ही रायझर म्हणतो, खालून लागलेल्या आगीने तापून फुटला. सुमारे पावणेअकरा-अकराच्या दरम्यान एमसीपी-०१ या दुसऱ्या प्लॅटफॉर्मकडे जाणाऱ्या लाइनचा रायझर फुटला आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आसपास क्लेमोर प्लॅटफॉर्मच्या लाइनचा. या लाइनी किलोमीटरच्या किलोमीटर लांब होत्या आणि त्यांतला गॅस शंभराहून अधिक पट वातावरणीय दाबाखाली होता. फुटलेल्या तोंडातून सुरुवातीला दर सेकंदाला कित्येक टन गॅस बाहेर पडत होता. माझ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. पायपर अल्फावरचा माल नंतरच्या आगीत गौण ठरला. प्लॅटफॉर्मला जोडलेल्या लाइनींमधला गॅस जळत होता.

त्यातच क्लेमोर आणि टार्टन यांनी आपले उत्पादन लगेच थांबवले नाही. पायपर पेटलेला क्षितिजावर दिसत असतानाही, किनाऱ्यावरच्या वरिष्ठांना विचारल्याशिवाय उत्पादन बंद करण्याची तिथल्या प्रमुखांची तयारी नव्हती, आणि तेलाच्या सामाईक लाइनमधला दाब टिकून राहिल्यामुळे पायपरच्या आगीला उलट्या दिशेने तेल मिळत राहिले. उत्पादन थांबवण्याचा अधिकार कागदावर प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या प्रमुखाकडे असतो. तो वापरल्यावर दुसऱ्या दिवशी काय ऐकावे लागेल, याचा विचारही त्याच्या मनात असतोच.

इथे उष्णतेचे थोडे गणित सांगणे भाग आहे. इमारतींच्या भिंती, दारे आणि खांब आगीत किती वेळ टिकतील हे ठरवताना भट्टीचे तापमान एका ठरावीक आलेखाप्रमाणे वाढवतात. लाकूड, कापड, कागद यांच्या आगीसाठी वापरला जाणारा हा आलेख पहिल्या ५ मिनिटांत सुमारे ५७५ अंश सेल्सिअसला आणि ६० मिनिटांनी सुमारे ९४५ अंशांना पोहोचतो. तेल आणि गॅसच्या आगीचा आलेख वेगळा आहे आणि तो ९४५ अंशांचा टप्पा पाचव्याच मिनिटाला गाठतो. म्हणजे पहिल्या आलेखावर एक तास टिकण्याचे प्रमाणपत्र असलेली भिंत दुसऱ्या प्रकारच्या आगीसमोर किती टिकेल, याबद्दल ते प्रमाणपत्र काहीही सांगत नाही. पोलादाची ताकद ५५० ते ६०० अंशांच्या आसपास साधारण निम्मी होते. त्यावर दाबाखालच्या गॅसचा झोत थेट पाइपावर आदळत असेल, तर दर चौरस मीटरला दोनशे-तीनशे किलोवॅट उष्णता त्यात शिरते. तुलनेसाठी, पाच किलोवॅटच्या उष्णतेत उघडी कातडी एका मिनिटाच्या आत भाजते. आवरण नसलेला, आत दाब असलेला पाइप अशा झोतात काही मिनिटांतच फुटतो, आणि तो फुटला की शेजारच्या पाइपावर दुसरा झोत सुरू होतो. पायपरवर तीन रायझर ज्या क्रमाने गेले, त्यात अनपेक्षित असे काहीच नव्हते.

अनपेक्षित नव्हते हे मी आज मागे वळून पाहतो म्हणून म्हणत नाही. दुर्घटनेच्या सुमारे दोन वर्षे आधी कंपनीने करून घेतलेल्या एका अहवालात हेच लिहिलेले होते की, या गॅस लाइनींमधला दाब उतरवायला कित्येक तास लागतील आणि अशा साठ्यावर पोसलेल्या आगीत प्लॅटफॉर्मचा सांगाडा दहा-पंधरा मिनिटांत दगा देऊ शकेल. अशी घटना घडण्याची शक्यता फार कमी आहे, असे मानून तो विषय बाजूला ठेवला गेला. सरकारी निरीक्षकाने जून १९८८ मध्ये, म्हणजे दुर्घटनेच्या अगदी तोंडावर, प्लॅटफॉर्मला भेट दिली होती आणि त्यालाही गंभीर असे काही आढळले नव्हते.

माणसांचे काय झाले हेही तितकेच महत्त्वाचे आहे. त्या रात्री प्लॅटफॉर्मवर २२६ जण होते. संकटात राहण्याच्या इमारतीत जमायचे आणि हेलिकॉप्टरची वाट पाहायची, हा शिकवलेला नियम पाळून बरेच जण जेवणघरात जमले. धूर आणि ज्वाळांमुळे हेलिकॉप्टर उतरणे शक्यच नव्हते, ध्वनिक्षेपक बंद होते आणि बाहेर पडण्याचा आदेश कुणी दिला नाही. इमारतीत धूर शिरत गेला आणि ८१ जण तिथेच मरण पावले. नियम मोडून जे खाली उतरले किंवा पन्नास मीटरपर्यंतच्या उंचीवरून समुद्रात उड्या मारून पोहत राहिले, त्यांच्यातूनच बहुतेक वाचले. वाचलेल्यांची संख्या ६१ होती. मृतांच्या १६७ या आकड्यात त्यांना वाचवायला गेलेल्या बोटीवरचे दोन जणही आहेत.

लॉर्ड कलन यांनी केलेल्या सार्वजनिक चौकशीचा दोन खंडांचा अहवाल नोव्हेंबर १९९० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातल्या सर्व १०६ शिफारशी स्वीकारल्या गेल्या. तेल उत्पादन वाढवणे आणि सुरक्षा तपासणे ही दोन्ही कामे एकाच ऊर्जा खात्याकडे होती, ती वेगळी करण्यात आली. कंपनीने आपल्या प्रत्येक प्लॅटफॉर्मवरचे धोके स्वतः शोधून, मोजून आणि ते कसे आटोक्यात ठेवले आहेत हे सिद्ध करून दाखवणारा दस्तऐवज सादर करावा, हा नियम १९९२ मध्ये आला. माणसांना ठरावीक वेळ धुरापासून आणि उष्णतेपासून खरोखर वाचवील अशी आश्रयाची जागा असली पाहिजे, आणि ती किती वेळ टिकेल हे आकड्यांत सांगता आले पाहिजे, हेही तेव्हाच ठरले. मला मात्र सर्वांत बोलका वाटतो तो कलन यांच्या अहवालाची वाटही न पाहता १९८९ मध्येच आलेला ब्रिटिश नियम: प्रत्येक रायझरवर आपत्कालीन व्हॉल्व्ह हवाच आणि तो रायझरवर शक्य तितका खाली हवा. दुर्घटनेचे मर्म कशात आहे हे तिथल्या अभियंत्यांनी किती लवकर ओळखले होते, ते या घाईवरून कळते.

‘शक्य तितका खाली’ या अटीमागचे कारण आपल्या स्वयंपाकघरात बसूनही समजते. शेगडी आणि सिलिंडर यांच्यामधली रबरी नळी फाटली, तर शेगडीचे बटण बंद करून उपयोग नसतो. सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद करावा लागतो. पायपरच्या लाइनींवर व्हॉल्व्ह होतेच, पण ते शेगडीच्या बटणाच्या जागी होते. रायझर व्हॉल्व्हच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला फुटला, आणि त्या बाजूचा सगळा साठा मोकळा झाला. व्हॉल्व्ह जितका खाली, तितका असुरक्षित पाइपाचा तुकडा लहान. त्याही पुढे जाऊन समुद्रतळावरच दुसरा व्हॉल्व्ह बसवला, तर रायझर पाण्यावर कुठेही फुटला तरी आगीला फक्त त्या तुकड्यातला गॅस मिळतो आणि ती काही मिनिटांत मंदावते. समुद्रतळावरचा व्हॉल्व्ह बसवायला, तपासायला आणि दुरुस्त करायला प्रचंड खर्च येतो, हे खरे आहे. ते जिथे परवडत नसेल तिथे रायझर जॅकेटच्या, म्हणजे प्लॅटफॉर्म पेलणाऱ्या पोलादी सांगाड्याच्या, आतल्या बाजूने न्यावेत, त्यांवर आगीपासून संरक्षण देणारे आवरण चढवावे आणि जहाजांना त्यांच्यापासून दूर ठेवावे. या चारपैकी एकही उपाय परमिटच्या वहीत बसत नाही.

आता मुंबई हायकडे येऊ. १९७४ मध्ये सापडलेले हे क्षेत्र तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाचे सर्वांत मोठे समुद्री क्षेत्र. त्याच्या उत्तर भागातला बीएचएन हा सात मजली प्रक्रिया प्लॅटफॉर्म १९८१ चा, म्हणजे पायपर अल्फाच्याच पिढीचा. पुलांनी जोडलेल्या या समूहात विहिरींचा एक छोटा प्लॅटफॉर्म, राहण्याचा वेगळा प्लॅटफॉर्म आणि आणखी एक प्रक्रिया प्लॅटफॉर्म होता. शेजारी नोबल चार्ली येस्टर ही ड्रिलिंग रिगही उभी होती. राहण्याची जागा प्रक्रियेपासून वेगळी असणे ही या मांडणीची मोठी जमेची बाजू होती आणि त्या दिवशी तिने बरेच जीव वाचवले, असे मी मानतो. तेल आणि गॅस वाहून नेणारे काही रायझर मात्र जॅकेटच्या बाहेरच्या अंगाला, जहाजे लागण्याच्या जागेच्या जवळ होते आणि आगीपासून संरक्षण देणारे आवरण त्यांच्यावर नव्हते.

आदल्या दिवशीच्या, २६ जुलैच्या पावसाने मुंबई बुडाली होती. समुद्र खवळलेला होता. पाणबुड्यांच्या कामासाठी जवळच असलेल्या ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावर एका स्वयंपाक्याच्या बोटांना गंभीर इजा झाली आणि उपचारासाठी त्याला प्लॅटफॉर्मवर पाठवायचे ठरले. हवामानामुळे हेलिकॉप्टर नेता येत नव्हते, म्हणून प्लॅटफॉर्मच्या क्रेनने, माणसे उचलण्याच्या जाळीच्या पाळण्यातून त्याला वर घ्यायचे होते. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन चालू अवस्थेत नसल्यामुळे जहाजाला वाऱ्याच्या बाजूने, म्हणजे वारा आणि लाटा त्याला प्लॅटफॉर्मकडेच ढकलतील अशा बाजूने, जवळ यावे लागले. जहाजाला जागेवर स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेत बिघाड होता आणि ते हाताने सांभाळले जात होते. जखमी स्वयंपाकी सुखरूप वर पोहोचला. त्यानंतर दूर होत असताना दुपारी चारच्या सुमारास जहाज उसळून प्लॅटफॉर्मकडे ढकलले गेले आणि त्याच्या मागच्या भागातला हेलिपॅड गॅसच्या रायझरवर आदळला.

रायझर फुटला, गॅसने पेट घेतला आणि पुढचा क्रम पायपरचाच होता. एका रायझरच्या झोतात शेजारचे रायझर तापले आणि एकामागून एक फुटत गेले. व्हॉल्व्ह प्लॅटफॉर्मवर होते. फुटलेले तोंड त्यांच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला होते. आणि त्या बाजूला कित्येक किलोमीटर लांबीच्या लाइनी होत्या. सुमारे दोन तासांत बीएचएन प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला आणि पाण्यावर जॅकेटचे थोटूक तेवढे उरले. उष्णतेमुळे बहुतेक लाइफबोटी आणि तराफे खाली सोडता आले नाहीत. तशा समुद्रातही नौदल, तटरक्षक दल आणि आसपासच्या जहाजांनी ३८४ पैकी ३६२ जणांना वाचवले, ही फार मोठी कामगिरी होती. बावीस जण गेले. त्यांतल्या अकरा जणांचे मृतदेहही सापडले नाहीत. ‘समुद्र सुरक्षा’ जहाजही पेटले होते, आणि त्यावरच्या दाबाच्या कोठडीत सहा पाणबुडे अडकलेले होते, ज्यांना दाब उतरवल्याशिवाय बाहेर काढता येत नव्हते. त्यांना सुमारे छत्तीस तासांनी सोडवण्यात आले. ते जहाज १ ऑगस्टला बुडाले.

या दुर्घटनेत परमिट हरवले नव्हते आणि पाळीबदलाचा निरोपही चुकला नव्हता. त्यामुळे पायपर अल्फाची नेहमीची गोष्ट ऐकून तयार झालेल्या माणसाला या दोन दुर्घटना परस्परांशी संबंध नसलेल्या वाटतात. एक कागदाची चूक, दुसरी जहाजाची टक्कर. आग कशामुळे लागली एवढेच पाहिले तर त्या वेगळ्या आहेतच. पण ठिणगी कुठून येईल याची यादी कधीच पूर्ण होत नसते, म्हणून अग्नी-अभियंत्याने आग लागली असे धरून पुढचा प्रश्न विचारायचा असतो: हिला खायला किती मिळणार आणि ते कोण, कुठून, किती वेळात तोडणार? या प्रश्नाचे उत्तर उत्तर समुद्रात १९८८ मध्ये आणि अरबी समुद्रात २००५ मध्ये जवळजवळ एकच होते, आणि १९९० पासून ते छापील स्वरूपात उपलब्ध होते.

बीएचएन १९८१ चा होता, तेव्हा त्याच्याकडून १९८९ च्या परदेशी नियमाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. ब्रिटनमध्येही जुन्याच प्लॅटफॉर्मवर व्हॉल्व्ह नव्याने बसवावे लागले होते, हे त्याला माझे उत्तर. आणि मांडणी बदलणे शक्य नसले तरी, उघड्या रायझरच्या बाजूला, वाऱ्याच्या दिशेने, बिघडलेले जहाज येऊ द्यायचे की नाही, एवढे तरी ठरवता येण्यासारखे होते. ते ठरवणाऱ्याला त्या पाइपांत किती गॅस आहे आणि ते फुटले तर काय होईल, हे आधी कुणीतरी सांगितलेले असायला हवे होते.

हा प्रकार समुद्रापुरता मर्यादित नाही. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरच्या इंडियन ऑइलच्या डेपोत पेट्रोलची गळती सुरू झाली आणि सव्वा तास चालू राहिली, कारण टाकीजवळचा व्हॉल्व्ह नियंत्रण कक्षातून बंद करण्याची सोय चालू अवस्थेत नव्हती आणि बाष्पाच्या ढगात जाऊन तो हाताने बंद करणे अशक्य झाले होते. अकरा जण मरण पावले आणि टाक्या कित्येक दिवस जळत राहिल्या. तिथेही चर्चा झाली ती व्हॉल्व्ह चुकीच्या क्रमाने उघडला गेल्याची. त्या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या लाल समितीच्या अहवालात दूरवरून बंद करता येणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल स्पष्ट लिहिलेले आहे, हे निदान चांगले झाले.

मुंबई हायनंतर आपल्याकडे समुद्रातील कामांसाठी २००८ मध्ये स्वतंत्र सुरक्षा नियम आले आणि त्यांच्या देखरेखीचे काम तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे देण्यात आले. हे संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्याच अखत्यारीत आहे. उत्पादन आणि सुरक्षा ही दोन कामे एकाच छपराखाली नकोत, हा कलन यांचा मुद्दा त्या बाबतीत आपण अजून स्वीकारलेला नाही, आणि तेलाच्या किमती चढल्या की तो मुद्दा किती महत्त्वाचा आहे हे जाणवते. दुसरी अडचण वाचनाची आहे. कलन यांच्या चौकशीतला शब्द न्‌ शब्द कुणालाही वाचता येतो, म्हणून पायपर अल्फा जगभर शिकवले जाते. स्वतःच्या समुद्रातल्या दुर्घटनेबद्दल आपल्या अभियंत्याला तितका तपशील सहज मिळत नाही, आणि म्हणून मुंबईच्या वर्गातही उदाहरण स्कॉटलंडचेच असते.

कारखान्यांत माझ्या हाती आराखडा आला की आता मी परमिटच्या फाइलआधी लाइनी पाहतो. प्रत्येक लाइनीवर शेवटचा आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह कुठे आहे, त्याच्या पलीकडे किती टन माल आहे, व्हॉल्व्ह आगीच्या आवाक्यात आहे का, आणि तो शेवटचा कधी पूर्ण बंद करून पाहिला होता. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक वेळा असे उत्तर मिळते की, उत्पादन चालू असताना तो थोडासाच हलवून पाहतात. तो थोडासा हलतो म्हणजे पूर्ण बंद होतो आणि बंद झाल्यावर गळत नाही, असे सिद्ध होत नाही, पण पूर्ण बंद करून पाहायचे तर शटडाउन हवे, आणि शटडाउनच्या कामांच्या यादीत ही चाचणी नेहमी शेवटच्या दिवसावर ढकलली जाते.

जेट्टी असलेल्या कारखान्यांत या यादीत मी आणखी एक गोष्ट घालतो, आणि तिच्यावरून देखभाल विभागाशी दर वेळी वाद होतो. बोटी कुठल्या बाजूला लागतील हे जिच्यामुळे ठरते, ती क्रेन. क्रेनची नोंद सामान चढवण्या-उतरवण्याच्या यंत्रांत असते, तिच्या दुरुस्तीला सुट्या भागांच्या उपलब्धतेनुसार क्रमांक मिळतो आणि ती सहा महिने बंद राहिली तरी अग्निसुरक्षेच्या अहवालात तिचे नाव येत नाही. मुंबई हायच्या त्या दुपारी आडोशाच्या बाजूची क्रेन चालू असती तर जहाज रायझरच्या बाजूला आलेच नसते, म्हणून माझ्या यादीत ती पाण्याच्या पंपांच्या आणि आपत्कालीन व्हॉल्व्हच्या शेजारी असते. मागच्या एका बैठकीत देखभालप्रमुखांनी ती ओळ खोडली. मी ती कारणासह पुन्हा लिहून पाठवली आहे.